मिरगाच्या आधीचं कोकण

मे महिन्यात कोकणात काय बघायचं, असं कुणी विचारलं की उत्तरं तयार असतात. तारकर्ली, सिंधुदुर्ग किल्ला, गणपतीपुळे, आणि परतताना हापूसची पेटी. यात वावगं काही नाही. पण खास उन्हाळ्यात दिसणारं जे कोकण आहे ते या यादीत येत नाही, कारण ते पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेलं नसतं. जूनच्या सात-आठ तारखेला मृग नक्षत्र लागतं आणि त्याच्या आत सगळं आवरायचं असतं. आंबे उतरवायचे, कोकमं वाळवायची, लाकडं पडवीत रचायची, कौलं परतायची, झड अडवायला झावळ्यांची झापं विणायची, लग्नं उरकायची. या सगळ्या तयारीला कोकणात आगोट म्हणतात. इथल्या उन्हाळ्यातले उत्सव, खेळ, खाणंपिणं, सगळं या धांदलीतूनच निघतं. त्यामुळे ‘पॉइंट’ शोधत फिरणाऱ्यापेक्षा कुणाच्या तरी खळ्यात बसून चार कोकमं फोडणाऱ्याला जास्त दिसतं, असं माझं मत आहे.

शिमग्याच्या पालख्या घरोघर फिरून देवळात परतल्या की उन्हाळा खरा सुरू होतो. त्या सुमारास उत्तरेकडे, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, कासवांची लगबग असते. बाणकोट खाडीच्या तोंडाशी असलेलं हे गाव पूर्वी नाना फडणविसांचं मूळ गाव म्हणून ठाऊक होतं. आता ते कासवांचं गाव झालंय. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, दीडेक फुटांचा खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. एकेकाळी ही अंडी माणसं तरी पळवत, नाहीतर कुत्री-कोल्ही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरून ते थांबवलं. आता कासवमित्र पहाटे किनारा चालतात, वाळूत उमटलेल्या वल्ह्यांच्या खुणांवरून घरटं शोधतात, आणि अंडी कुंपण घातलेल्या जागेत तशाच आकाराच्या खड्ड्यात हलवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. कोवळ्या उन्हात किंवा कलत्या उन्हात त्यांना लाटेच्या थोडं अलीकडे सोडतात. पाण्यात नेऊन सोडत नाहीत, तेवढी वाळू त्यांनी स्वतः चालून जायची असते.

इथे एक गोष्ट पाहुण्यांच्या पचनी पडत नाही. पिल्लं कुठल्या दिवशी बाहेर येतील याची हमी कुणी देत नाही. वाळूच्या उष्णतेवर त्यांचा वेळ ठरतो. नर की मादी हेही त्याच उष्णतेवर ठरतं, आणि वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात. सकाळी घरट्यावरचं टोपलं उचललं आणि खाली काहीच नाही, असंही होतं. मग जिथे उतरला असाल त्या घरी परत जाऊन घावणे खायचे आणि संध्याकाळी पुन्हा यायचं. एवढा धीर नसेल तर वेळासला जाऊ नये. एप्रिल सरत आला की घरटीही संपत येतात.

आंब्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी आवरतं घेतो. मात्र एकदा तरी आंबा झाडावरून उतरताना पाहावा. लांब बांबूच्या टोकाला जाळी आणि पातं लावलेला झेला असतो. त्याने आंबा अलगद, बोटाच्या पेराएवढ्या देठासकट कापायचा. देठ मुळातून तुटला तर चीक सालीवर ओघळतो, काळा डाग पडतो आणि पेटीत भाव पडतो. उतरवलेला आंबा पेंढ्याच्या आढीत जातो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते चांगलंच झालं, पण बागायतदाराच्या घरी जेवायला बसलात तर पानात बहुधा रायवळ येतो. हापूस विकायचा असतो. सासवाला आणि चोखायला रायवळ. त्यातच फणस. कापा पाहुण्यांना, बरका घरच्यांना, आणि बरक्याच्या रसात तांदळाचा रवा कालवून केलेलं सांदण ज्याच्या नशिबी असेल त्याला.

कोकमाचं काम मात्र बारकाईने बघण्यासारखं. लालभडक फळं अर्धी करून गर आणि बिया एका भांड्यात काढतात, सालं उन्हात पसरतात. संध्याकाळी तीच सालं मिठाबरोबर फळांच्या सुटलेल्या रसात बुडवून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. असं कित्येक दिवस चालतं, तेव्हा कुठे ते आमसूल काळपट आणि लवचीक होतं. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ, वर्षभराच्या सोलकढीची बेगमी. बियासुद्धा टाकत नाहीत. त्यांचं तेल काढून मुठीत वळतात, ते मुठेल पावसात चिखलाने फुटलेल्या टाचांना लावायला. या काळात घरातल्या बायकांची बोटं जांभळी झालेली असतात आणि ती पाऊस सुरू होईपर्यंत तशीच राहतात.

दुपारी सड्यावर कुणी जात नाही, जाऊही नये. सकाळी लवकर जावं. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांत जांभ्या दगडाचे मैलोनमैल पसरलेले सडे आहेत आणि त्यांवर कातळशिल्पं खोदलेली आहेत. पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही काळ ती गवताखाली झाकलेली असतात. उन्हाळ्यात गवत वाळून जातं, कातळ उघडा पडतो आणि तिरप्या उन्हात रेषा ठसठशीत दिसतात. उक्षीचा हत्ती, बारसूची भली थोरली आकृती. कशेळीला तर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती आहे आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली आहेत. माथ्यावरून जाणाऱ्या गुराख्यांना ही चित्रं ठाऊक होती. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी सहकाऱ्यांना घेऊन सडे पायाखाली घातले, गावोगाव विचारत गेले, तेव्हा या चित्रांची संख्या लक्षात आली. २०२२ मध्ये यातली काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. ही चित्रं कुणी आणि का कोरली याचा नेमका उलगडा झालेला नाही. त्यांवर चप्पल घालून फोटो काढू नये, हे सांगायची पाळी यावी हे वाईट.

उन्हाळ्यातली एक घटना अशी आहे की तिचं आरक्षण करता येत नाही. राजापूरजवळ उन्हाळे गावी चौदा कुंडं आहेत. एरवी कोरडी ठणठणीत. साधारण तीन वर्षांच्या अंतराने, पण हमखास नव्हे, त्यांत एकाएकी पाणी येतं आणि गावोगाव बातमी फिरते, ‘गंगा आली.’ ती बहुतेक वेळा अशा दिवसांत येते जेव्हा विहिरींनी तळ गाठलेला असतो. मग एसट्या, टेम्पो, रिक्षा भरभरून माणसं स्नानाला लोटतात. काशीकुंडाशी रांग लागते. शेजारीच गरम पाण्याचं कुंड आहे, आणि रीत म्हणून पुढे धूतपापेश्वराचं दर्शन. जमिनीखालच्या पोकळीत साठलेलं पाणी ठरावीक पातळीला पोचलं की वक्रनलिकेसारखं ओढलं जाऊन बाहेर पडतं, अशी उपपत्ती जाणकार मांडतात. आंघोळ करणाऱ्यांचा तिला विरोध नाही आणि फारसा रसही नाही.

पण याच दिवसांत कोकणातल्या कित्येक वाड्यांवर टँकर फिरत असतात. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात कळशीभर पाण्यासाठी खेप घालावी लागते. जांभा सच्छिद्र, नद्या आखूड आणि उतार तीव्र. पडलेलं पाणी समुद्राला मिळायला वेळ लागत नाही. घरगुती निवासात उतरणाऱ्याने शॉवरखाली किती वेळ उभं राहायचं याचा विचार करावा, तो याच कारणाने.

रात्री दशावतार. कार्तिकातल्या जत्रांपासून सुरू झालेला हा हंगाम पावसाच्या तोंडाशी संपतो. मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असतात, कुणाकडे सत्यनारायण असतो, कुणाचा नवस, आणि त्या निमित्ताने कंपनी ठरवली जाते. मंच म्हणजे मागे पडदा आणि पुढे एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच पलंग, तोच डोंगर. बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. नाटकाची संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात, आणि भाषणं रंगमंचावरच जुळवली जातात. त्यामुळे एकच आख्यान दोन गावांत दोन तऱ्हांचं होतं. जत्रेतल्या खेळात आधी आडदशावतार. त्यात तोंडावर काळा मुखवटा ओढलेला संकासुर मालवणीतून गावातल्या पुढाऱ्यांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांची फिरकी घेतो. देवमंडळी मात्र भारदस्त, संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात. खेळाआधी पेटाऱ्यावर आरसा टेकवून बसलेल्या, मिशी उतरवून सैरंध्री होणाऱ्या पुरुषाकडे जरा वेळ बघावं. साडीची निरी बसवण्यातली त्याची सफाई नटापेक्षा कारागिराची असते. हल्ली ठरवून आणलेले प्रयोग दोन-तीन तासांत आटोपतात. दिवस उजाडेपर्यंत चालणारा खेळ बघायचा तर जत्राच गाठायला हवी.

मेच्या अखेरीस वारा बदलतो. लाटा उंच होतात, किनाऱ्यालगत ओढ वाढते, आणि दरवर्षी याच दिवसांत पोहायला उतरलेले पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात. स्थानिक माणूस ‘जाऊ नका’ म्हणाला तर ऐकावं, तो हौसेने म्हणत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि समुद्रातले खेळ याच सुमारास पावसाळ्यापुरते बंद होतात, तेव्हा चारही बाजूंनी खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं गोडं पाणी बघायचं असेल तर त्याआधी जावं. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. त्यापूर्वी मालवणच्या बाजूला पहाटे रापण लागली तर दोरीला हात लावून पाहा. दोन टोकांना माणसांच्या रांगा, मधे समुद्रात अर्धवर्तुळ जाळं. ओढणाऱ्यांमध्ये मासळीचे वाटे पडतात. पाहुण्याला सहसा वाटा मिळत नाही, पण चार तारल्या कुणी पिशवीत टाकतोच.

मग उरतो आठवडी बाजार. शेवटच्या आठवड्यात तो सुक्या मासळीने भरतो, कारण पुढचे दोन महिने घरात सुकट, सोडे, बोंबील, खारा बांगडा हेच चालायचं असतं. मुंबईहून आलेले लोक हौसेने भाव विचारतात आणि गाडीत वास मारेल म्हणून घुटमळतात. अशाच एका गिऱ्हाइकाला टोपलीमागच्या बाईकडून उत्तर मिळालं, ‘‘वास येतलो म्हणान काय झाला? बोंबील टपार बसतले, तुमी आत बसा.’’ गिऱ्हाइकाने दोन जुड्या घेतल्या. भाव मात्र तिने एक रुपया कमी केला नाही.