टी-७२ रणगाडा

सोव्हिएट रशियात विकसित झालेला एक प्रमुख लढाऊ रणगाडा. त्याच्या आधीचा टी-६४ हा रणगाडा प्रभावी, परंतु महाग व गुंतागुंतीचा होता. म्हणून उरल भागातील नीझ्नी तागील येथील कारखान्यात मोठ्या संख्येने बनविता येईल असा हा रणगाडा तयार करण्यात आला व १९७३ मध्ये तो सोव्हिएट सैन्यात दाखल झाला.

रचना : वजन सु. ४१ टन, उंची सु. २·२ मी. व डीझेल एंजिन ७८० अश्वशक्तीचे असते. तोफ १२५ मिमी. व्यासाची, गुळगुळीत नळीची असून तीत गोळा भरण्याचे काम यंत्र करते. त्यामुळे चालक, तोफची व नायक असे तीनच सैनिक पुरतात. चौथ्याची जागा वाचल्याने बुरूज ठेंगणा व रणगाडा हलका झाला. श्वसननळी लावून तो सु. ५ मी. खोल पाण्याच्या तळावरून जाऊ शकतो.

याच योजनेत त्याचे वैगुण्यही आहे. भरणयंत्रातील २२ गोळे व त्यांची दारू बुरुजाखाली चक्राकार मांडलेली असते. उरलेला दारूगोळाही सैनिकांच्या जवळच असतो. चिलखत भेदले जाऊन दारू पेटल्यास बुरूज उडतो व आतील सैनिक क्वचितच वाचतात. आखाती युद्ध (१९९१), चेचन्यातील लढाया (१९९४-९५) आणि २०२२ पासूनचे युक्रेन युद्ध यांत हे दिसून आले.

भारतातील सेवा : प्रारंभी आयात केलेल्या या रणगाड्याचे उत्पादन पुढे आवडी (तमिळनाडू) येथे होऊ लागले, त्यास ‘अजेय’ असे नाव आहे. श्रीलंकेत शांतिसेनेने (१९८७) व २०२० मध्ये लडाख सीमेवर भूसेनेने तो वापरला. १,००० अश्वशक्तीच्या एंजिनांसाठी मार्च २०२५ मध्ये रशियाशी करार झाला.

महाराष्ट्राचा या रणगाड्याशी निकटचा संबंध आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय आहे. टी-७२ च्या सांगाड्यावरून पूल वाहून नेणाऱ्या वाहनाच्या विकासात दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेचा वाटा आहे. पुण्याच्या उच्च-ऊर्जा द्रव्य संशोधन प्रयोगशाळेने अजेयसाठी स्फोटक प्रतिक्रियात्मक चिलखत विकसित केले. त्यात दोन धातुपत्र्यांमध्ये स्फोटकाचा थर असतो. शत्रूच्या अस्त्राचा भेदक झोत आदळताच थराचा स्फोट होऊन पत्रे वेगाने फेकले जातात व झोत विस्कळीत होतो. अशा रीतीने मूळ चिलखत भेदले जाण्याचा धोका कमी होतो. परंतु सैनिकांजवळील दारूगोळ्याची जागा बदलत नसल्याने मूळ रचनेतील धोका उरतोच.