विश्लेषण : निवडुंगाच्या बोंडांनी खरेच रक्त वाढते का?

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावचा परिसर म्हणजे बालाघाटाच्या रांगांचा, हलक्या जमिनीचा आणि मुरमाड माळांचा भाग. अशा माळावर, बांधाच्या कडेला किंवा गावकुसाबाहेर फड्या निवडुंग उभा असतो. पाणी कोणी घालत नाही, खत कोणी टाकत नाही, तरी त्याला लालभडक बोंडे लागतात. गुरे राखणाऱ्या मुलांनी ती पिढ्यान् पिढ्या खाल्ली आहेत. जमिनीवर घासून कुसळे काढायची, साल सोलायची आणि आतला गर तोंडात टाकायचा. ओठ आणि जीभ लाल झाली की घरी चोरी पकडली जायची.

आता हेच फळ मोबाइलवर नव्या रूपात आले आहे. ‘आठवड्यात हिमोग्लोबिन वाढवा’, ‘साखर मुळापासून घालवा’ असे सांगणारे व्हिडीओ फिरतात. बाटलीबंद रस ऑनलाइन विकला जातो. गुजरातमध्ये ‘फिंडला’ या नावाने हा रस रक्तवाढीसाठी आधीपासून प्रसिद्ध आहे. मग माळावरचे हे फुकटचे फळ खरोखर औषध आहे का? त्यात नेमके काय असते? आणि ते कोणी, कसे खावे?

हे फळ नेमके कोणते?

फड्या निवडुंगाचे शास्त्रीय नाव ‘ओपन्शिया’. चपटी, हिरवी, हाताच्या पंजासारखी दिसणारी पाने म्हणजे खरे तर खोड असते. त्याचे मूळ घर अमेरिका खंड. आज बाजारात मिळणारे ड्रॅगन फ्रूट याच निवडुंग कुळातले, म्हणजे बोंडाचे चुलत भावंडच.

ब्रिटिश काळात निवडुंग भारतात वाढवण्यामागे लाल रंगाचे राजकारण होते. फडावर कापसासारखी पांढरी बुरशी दिसते, ती बुरशी नसून कोचिनियल नावाचा कीटक असतो. तो चिरडला की गडद लाल रंग मिळतो. हा रंग त्या काळी फार महाग होता. ईस्ट इंडिया कंपनीने 18 व्या शतकाच्या अखेरीस मद्रासजवळ त्यासाठी निवडुंगाची बाग केली. 1795 मध्ये ब्राझीलमधून कीटक आणला गेला, पण तो भलत्याच जातीचा निघाला. त्याने चांगला रंग दिला नाही, उलट निवडुंगच फस्त केला. पुढे निवडुंग शेतात माजला, तेव्हा 1926 मध्ये दुसऱ्या जातीचा कोचिनियल कीटक मुद्दाम आणून दक्षिण भारतातील मोठे क्षेत्र मोकळे करण्यात आले. म्हणजे या झाडाला आपल्याकडे आधी पीक, मग तण आणि आता औषध अशी तीन नावे मिळाली आहेत.

सगळेच निवडुंग खाण्याजोगे असतात का?

नाही, आणि ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात ठेवण्याची आहे. आपल्याकडे त्रिधारी निवडुंग, शेर अशा झाडांनाही लोक निवडुंगाच्याच गटात धरतात. ती वेगळ्या कुळातली असून तोडल्यावर त्यांतून पांढरा चीक येतो. हा चीक विषारी असतो. त्वचेवर फोड येतात, डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका पोहोचू शकतो. फड्या निवडुंगातून दुधासारखा चीक येत नाही, पातळ, चिकट, पाण्यासारखा द्रव येतो. चीक दिसला की हात लावू नये, हा साधा नियम.

बोंडात पोषण किती?

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या आकडेवारीनुसार 100 ग्रॅम बोंडाच्या गरात सुमारे 88 ग्रॅम पाणी, 41 कॅलरी, 3.6 ग्रॅम तंतुमय पदार्थ, 14 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, 56 मिलिग्रॅम कॅल्शियम, 85 मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि 220 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. ही आकडेवारी लागवडीच्या जातीची आहे. माळावरच्या रानटी जातीत आणि जमिनीनुसार त्यात फरक पडतो.

याचा अर्थ काय? कॅलरी कमी, तंतू चांगले आणि मॅग्नेशियम केळ्याच्या जवळपास तिप्पट. लाल रंग देणारी ‘बीटालेन’ ही द्रव्ये बीटातही असतात आणि ती ऑक्सिडीकरणरोधक म्हणून ओळखली जातात. क जीवनसत्त्व मात्र बेताचेच आहे. तेवढ्याच वजनाच्या पेरूत ते 200 मिलिग्रॅमहून अधिक असते. थोडक्यात, बोंड हे चांगले रानफळ आहे. चमत्कार नाही.

मग रक्त वाढते का?

येथेच खरी गफलत होते. रस रक्तासारखा लाल दिसतो म्हणून तो रक्त वाढवतो, असा समज झाला आहे. हिमोग्लोबिनचा लाल रंग लोहाशी जोडलेला असतो. बोंडाचा लाल रंग बीटालेनचा असतो आणि त्याचा लोहाशी काही संबंध नाही.

वरच्याच आकडेवारीत 100 ग्रॅम बोंडात लोह आहे फक्त 0.3 मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागते. म्हणजे केवळ बोंडांवर ही गरज भागवायची तर रोज साडेनऊ किलोहून अधिक गर खावा लागेल. त्याउलट 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 4 आणि बाजरीत सुमारे 6.4 मिलिग्रॅम लोह असते. राणीसावरगावच्या कोणत्याही घरातील भाकरीत बोंडापेक्षा कितीतरी जास्त लोह आहे, फक्त तिचा रंग लाल नाही.

धान्यातले लोह शरीरात कमी शोषले जाते, हे खरे. पण जेवणात लिंबू, आवळा, पेरू असे क जीवनसत्त्व देणारे काही घेतले तर शोषण सुधारते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते घटते. बोंडाचा उपयोग असलाच तर या मदतनीसाच्या भूमिकेत आहे.

उंदरांवरील प्रयोगात बोंडाच्या रसाने हिमोग्लोबिनमध्ये सुधारणा दिसल्याचे संशोधन भारतात झाले आहे. मात्र उंदरांवर दिसलेला परिणाम हा माणसांसाठीचा उपचार ठरत नाही. त्यासाठी माणसांवरील मोठ्या चाचण्या लागतात.

हा गैरसमज घातक का ठरू शकतो?

कारण रक्तक्षय हा महाराष्ट्रात किरकोळ प्रश्न नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) राज्यातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांमध्ये आणि 6 ते 59 महिने वयाच्या 68.9 टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या सर्वेक्षणात (2015-16) स्त्रियांचे प्रमाण 48 टक्के होते. म्हणजे ते वाढले आहे.

गंगाखेडसारख्या तालुक्यांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. पहाटेपासून कष्ट, अपुरा आहार आणि तपासणीत पडणारा खंड, अशा स्थितीत गरोदर बाईच्या अंगातील रक्त कमी असणे तिच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकते. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय मानला जातो. त्यासाठी सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडून लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या मोफत मिळतात. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते आणि गरोदरपणात ती किमान 180 दिवस रोज घ्यायची असते. एका गोळीएवढे लोह बोंडांतून मिळवायचे तर 20 किलो गर लागेल.

गोळीने मळमळते, शौचास काळे होते, म्हणून अनेक जणी ती मधेच सोडतात. अशा वेळी ‘गोळी नको, हा नैसर्गिक रस घ्या’ हा सल्ला गोड वाटतो. नुकसान रसाने होत नाही, गोळी सुटल्याने होते. त्रास होत असेल तर गोळीची वेळ बदलता येते, त्यासाठी डॉक्टरांशी किंवा आरोग्यसेविकेशी बोलावे. शिवाय रक्त कमी होण्यामागे जंत, जास्त पाळी, सिकलसेल किंवा ब-12 ची कमतरता अशी कारणेही असू शकतात. ती तपासणीशिवाय कळत नाहीत.

मधुमेहावर उपयोग होतो का?

मेक्सिकोत निवडुंगाची कोवळी पाने, म्हणजे ‘नोपाल’, रोजच्या भाजीसारखी खातात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनुसार तेथे माणशी वर्षाला 6.4 किलो नोपाल खाल्ला जातो. 100 ग्रॅम कच्च्या नोपालमध्ये फक्त 16 कॅलरी असतात. त्यातील तंतू आणि चिकट द्रव्यामुळे साखर रक्तात हळू मिसळते. मेक्सिकोतील छोट्या अभ्यासांत, जेवणाबरोबर शिजवलेला नोपाल दिल्यावर टाइप 2 मधुमेहींची जेवणानंतरची साखर कमी वाढल्याचे दिसले.

पण हे निष्कर्ष कोवळ्या पानांचे आहेत, गोड बोंडांचे नाहीत. साखर घातलेल्या बाटलीबंद रसाचे तर अजिबात नाहीत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने नोपाल किंवा त्याची भुकटी नियमित सुरू केली तर साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचा धोका राहतो. त्यामुळे आधी डॉक्टरांना सांगणे आवश्यक. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनीही पाने टाळावीत, कारण त्यांत ऑक्झलेट भरपूर असते. पानांतल्या कॅल्शियमचा बराच भागही या ऑक्झलेटमुळे अंगी लागत नाही.

खायचे तर कसे?

● मोठ्या काट्यांपेक्षा बारीक कुसळे जास्त त्रास देतात. त्यांना उलटे आकडे असतात, ती कातडीत अडकतात. बोंड उघड्या हाताने तोडू नये. चिमटा किंवा सांडशी वापरावी.

● बोंड चिमट्यात धरून आचेवर फिरवावे, म्हणजे कुसळे जळतात. नंतर ब्रशने घासून धुवावे.

● दोन्ही टोके कापावीत, उभी चीर द्यावी आणि जाड साल सोलून काढावी.

● गर कुस्करून स्वच्छ कापडातून गाळावा. बिया निघतात आणि राहिलेली कुसळेही अडकतात. पाणी आणि लिंबू घालून सरबत करता येते.

● एका वेळी दोन-तीन बोंडे पुरेत. बिया टणक असतात. त्या खूप पोटात गेल्यास शौचास अडकण्याचे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. लहान मुलांना गाळलेला रसच द्यावा.

● हाताला कुसळे लागली तर चोळू नये. चिमट्याने काढावीत, उरलेली चिकटपट्टी लावून ओढावीत. डोळ्यात किंवा घशात गेल्यास थेट दवाखाना गाठावा.

● खाल्ल्यानंतर लघवी किंवा शौच लालसर दिसू शकते. ते रंगामुळे होते. दोन दिवसांत थांबले नाही तर तपासणी करावी.

बाटलीबंद रस घेताना काय पाहावे?

लेबलवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक, साखरेचे प्रमाण आणि उत्पादनाची तारीख पाहावी. परवाना असणे म्हणजे रोग बरा होण्याचा दावा सरकारने तपासला, असे नव्हे. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणे 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानुसार प्रतिबंधित आहे. अशी जाहिरात दिसली तर तोच सावधगिरीचा इशारा समजावा.

मग या झाडाचे खरे मोल कशात?

कदाचित माणसाच्या बाटलीपेक्षा जनावराच्या गव्हाणीत. निवडुंग दिवसा पानांची छिद्रे मिटून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडतो, त्यामुळे पाणी फार कमी उडते. अन्न व कृषी संघटनेच्या म्हणण्यानुसार 1 हेक्टर निवडुंग 180 टनांपर्यंत पाणी साठवू शकतो. पाच मोठ्या गाई जगवण्यास ते पुरेसे आहे. 2015 च्या दुष्काळात दक्षिण मादागास्करमध्ये निवडुंगानेच माणसांना आणि जनावरांना आधार दिला. ब्राझीलमध्ये चाऱ्यासाठी 5 लाख हेक्टरहून अधिक क्षेत्रावर निवडुंग आहे.

महाराष्ट्रात फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था आणि उरुळीकांचन येथे केंद्र असलेली ‘बाएफ’ यांनी बिनकाट्याच्या निवडुंगावर काम केले आहे. मात्र चारा म्हणूनही त्याच्या मर्यादा आहेत. त्यात बहुतांश पाणीच असते आणि प्रथिने कमी. नुसता निवडुंग खाऊ घातला तर जनावर पातळ शेण टाकते. कडबा आणि पेंडीबरोबर तुकडे करून दिला तरच तो उपयोगी. काटेरी जात काटे जाळल्याशिवाय देता येत नाही. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत तो सडतो, मुरमाड माळावर तगतो.

मराठवाड्याने 1972 चा दुष्काळ पाहिला, 2016 मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी येताना पाहिले, चारा छावण्याही पाहिल्या. अशा भागात पडीक माळावर जगणारे झाड दुर्लक्षून चालणार नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. येथील रानटी बोंडांचे पोषणमूल्य मोजले गेले, तर लोकांना व्हिडीओवर विसंबावे लागणार नाही.

तोवर हिशेब सोपा आहे. बोंड पिकले असेल, कुसळे नीट काढली असतील, तर फळ म्हणून आवडीने खावे. रक्त कमी असेल तर तपासणी करावी, भाकरी-भाजीवर लिंबू पिळावे आणि दवाखान्यातून मिळालेली गोळी रोज घ्यावी.