टेबल कोणी हलवले?



प्लँचेटविषयी तुम्ही ऐकले असेलच. सुटीत मामाच्या घरी भावंडे जमली किंवा वसतिगृहात रात्री वीज गेली, की कोणीतरी हा विषय काढतोच. एका मोठ्या कागदावर गोलाकार अक्षरे आणि आकडे लिहायचे. एका बाजूला ‘हो’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नाही’ लिहायचे. मधोमध एक वाटी उपडी घालायची, तिघाचौघांनी तिच्यावर एकेक बोट अलगद टेकवायचे आणि कोणा मृत माणसाच्या आत्म्याला बोलवायचे. थोडा वेळ काहीच घडत नाही. मग वाटी थरथरते, सरकते आणि एकेका अक्षरापाशी थांबत चक्क उत्तरे देऊ लागते!

“तू ढकललीस!” “छे, मी नुसते बोट ठेवले होते!” जो तो शपथेवर सांगतो. मग वाटी ढकलली कोणी?

हा प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. ‘तू नापास होणार’ किंवा ‘तुझ्या घरी संकट येणार’ असे वाटीने सांगितले, तर एखाद्या मुलाची कित्येक रात्रींची झोप उडू शकते. म्हणून या प्रकाराचा छडा लावलेला बरा.

बहुतेकांना याची दोनच उत्तरे सुचतात. आत्मा खरोखर आला असेल, नाहीतर कोणीतरी लबाडी करत असेल. पण तिसरेही एक उत्तर आहे. ते एका थोर शास्त्रज्ञाने इ. स. १८५३ मध्येच पुठ्ठा, मेण आणि एक हलकी काडी यांच्या साहाय्याने दाखवून दिले.

फिरणाऱ्या टेबलांचे वेड

त्या वर्षी इंग्लंडात आणि युरोपात टेबले फिरवण्याचे वेड पसरले होते. हे लोण अमेरिकेतून आले होते. माणसे एखाद्या टेबलाभोवती बसत, त्यावर हात टेकवत आणि वाट पाहत. काही वेळाने टेबल कलू लागे, मग फिरू लागे. कधी कधी तर बसलेल्यांना उठून त्याच्याबरोबर चालावे लागे. कोणी म्हणे हे आत्म्यांचे काम, कोणी म्हणे विजेचे, कोणी चुंबकत्वाचे, तर कोणी पृथ्वीच्या फिरण्याचे!

वीज आणि चुंबकत्व यांचे नाव निघाल्यावर लोकांना मायकेल फॅरडेची आठवण होणे साहजिकच होते. हा लोहाराचा मुलगा. लहानपणी त्याने पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केली होती. १८३१ मध्ये त्याने विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आज आपल्या घरी येणारी बहुतेक वीज याच तत्त्वावर तयार होते. १८५३ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम करत होता.

फॅरडेने टेबल फिरवणाऱ्यांची टिंगल केली नाही. उलट ज्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही आणि ज्यांच्या हातून टेबल खरोखर फिरते, अशाच माणसांना त्याने प्रयोगासाठी निवडले. प्रथम त्याने काच, कथिलाचा पत्रा, पुठ्ठा, लाकूड, रबर अशा नाना पदार्थांचे थर एकत्र बांधून टेबलावर ठेवले आणि त्यावर हात ठेवायला सांगितले. टेबल पूर्वीसारखेच फिरले. म्हणजे हात आणि टेबल यांच्यामध्ये एखादी वस्तू ठेवली तरी चालते, हे नक्की झाले. आता पुढची युक्ती करता येणार होती.

आधी हात की आधी टेबल?

फॅरडेने स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. टेबल हाताला ओढून नेते, की हात टेबलाला?

त्याने पुठ्ठ्याचे काही तुकडे एकावर एक रचले. त्यांच्यामध्ये मेण आणि टर्पेंटाइन यांचा असा चिकट लगदा लावला, की तुकडे एकमेकांना धरून राहावेत, पण सतत जोर लागल्यास हळूहळू सरकावेत. प्रत्येक तुकडा मुळात कुठे होता, हे कळण्यासाठी खालच्या बाजूने पेन्सिलीची रेघ मारून ठेवली. ही चवड टेबलावर ठेवून माणसाने तिच्यावर हात टेकवायचे.

आता तुम्हीच विचार करा. टेबल आपणहून फिरले, तर ते सर्वांत खालच्या पुठ्ठ्याला आधी ओढील आणि वरचे तुकडे मागे पडतील. पण हाताने टेबल ढकलले, तर वरचा पुठ्ठा सर्वांत पुढे जाईल आणि खालचे मागे राहतील. टेबल फिरून झाल्यावर फॅरडेने रेघा तपासल्या. वरचा पुठ्ठा सर्वांत पुढे गेला होता! हात आधी सरकला होता आणि टेबल त्याच्या मागून गेले होते. मौज अशी, की ज्याचा हात सरकला, त्याला स्वतःला याचा पत्ताच नव्हता.

फॅरडे एवढ्यावर थांबला नाही. त्याने दोन लहान फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या रूळांसारख्या ठेवल्या, फळ्या रबरी पट्ट्यांनी बांधल्या आणि त्यांना एक लांब हलकी काडी जोडली. वरची फळी किंचित जरी सरकली, तरी काडीचे टोक बरेच कलून हाताची चोरी पकडून देई. काडी झाकलेली असताना माणसे नेहमीसारखी नकळत ढकलत राहिली. मग काडी उघडी केली आणि तिच्याकडे पाहत बसायला सांगितले. आणि काय आश्चर्य! टेबल फिरेनासेच झाले. आपला हात सरकतो आहे, हे डोळ्यांना दिसताच माणसे आपोआप सावरू लागली.

३० जून १८५३ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये फॅरडेचे पत्र प्रसिद्ध झाले. इतके लोक अशा गोष्टींवर चटकन विश्वास ठेवतात, त्या अर्थी आपल्या शिक्षणातच काही महत्त्वाचे उणे आहे, अशी खंत त्याने त्यात व्यक्त केली होती.

तुम्हीही करून पाहा

सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या दोऱ्याला एक अंगठी किंवा लोखंडी नट बांधा. कागदावर अधिकचे मोठे चिन्ह काढा. दोऱ्याचे वरचे टोक चिमटीत धरून नट त्या चिन्हाच्या मध्यावर लोंबू द्या. हात स्थिर ठेवा. आता नट उभ्या रेषेवर झुलत आहे, अशी मनात नुसती कल्पना करा. थोड्याच वेळात तो खरोखर तसा झुलू लागेल. मग आडव्या रेषेची कल्पना करा, नंतर वर्तुळाची. बऱ्याच जणांच्या हातात तो लंबक मनाप्रमाणे वळतो आणि अंगावर काटा येतो.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने असाच लंबक अभ्यासला आणि १८३३ मध्ये त्याविषयी लिहिले. हाताला खालून आधार दिला की लंबकाचे हेलकावे कमी होतात आणि डोळे बांधले की खालच्या पदार्थाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही, असे त्याला आढळले.

यामागचे कारण असे. एखाद्या हालचालीची कल्पना मनात आली, की ती हालचाल करण्याची तयारी मेंदू आणि स्नायू करू लागतात. स्नायू अगदी सूक्ष्म आकुंचन पावतात. आपण तसा निश्चय केलेला नसल्यामुळे ‘हे मी केले’ ही जाणीव मात्र होत नाही. १८५२ मध्ये इंग्रज वैद्य विल्यम कार्पेंटर याने कल्पनेतून घडणाऱ्या या हालचालींना स्वतंत्र नावही दिले. २५ सेंटिमीटरचा लंबक एक पूर्ण हेलकावा सुमारे एका सेकंदात घेतो. त्या तालात बोटाचे बारीकसे धक्के बसत गेले, की झोपाळ्याप्रमाणे त्याचा झोका वाढत जातो. वाटीवर तर तीनचार बोटे असतात. प्रत्येकाला दुसऱ्याच्या बोटाचा जोर जाणवतो, स्वतःचा नाही.

मग वाटी शहाणपणाची उत्तरे कशी देते? खेळणाऱ्यांना अक्षरांच्या जागा दिसत असतात आणि पुढचे अक्षर कोणते यावे, हेही त्यांच्या मनात असते. सर्वांचे डोळे नीट बांधा आणि कोणाला न सांगता कागद फिरवून ठेवा. वाटी फिरेल, पण उत्तरांचा काही अर्थ लागणार नाही. शिवकालातल्या माणसाला बोलावले, तरी वाटी आजच्या शाळेतल्या मराठीतच बोलते, आणि तीही आपल्याच शुद्धलेखनाच्या चुकांसह!

खेळापलीकडे

आपल्या गावांत विहिरीची जागा दाखवणारा पाणाड्या तुम्ही पाहिला असेल. त्याच्या हातातली बेचक्याची डहाळी एकाएकी वळते किंवा तळहातावरचा नारळ उभा राहतो. पुष्कळ पाणाडे प्रामाणिक असतात. डहाळी त्यांना खरोखरच ओढल्यासारखी वाटते. १९९० मध्ये जर्मनीतील कासेल येथे अशा ३० जणांची परीक्षा घेण्यात आली. जमिनीखालच्या नळातून पाणी वाहत आहे की नाही, एवढेच ओळखायचे होते. यश आले ते नाणेफेकीत येते तेवढेच. मग पाणाड्याच्या विहिरींना पाणी कसे लागते? जमिनीखाली पुष्कळ ठिकाणी थोडेफार पाणी असतेच. शिवाय झाडे आणि उतार पाहून अनुभवी माणसाला अंदाजही येतो. पण अंदाज चुकला, तर शेतकऱ्याचे विंधन विहिरीला घातलेले पैसे बुडतात.

याहून भयंकर उदाहरण इराकचे आहे. मुठीला जोडलेली, सैलपणे फिरणारी एक दांडी ‘स्फोटके शोधणारे यंत्र’ म्हणून तेथील सरकारला विकण्यात आली. तिला ना बॅटरी होती, ना आत काही कामाची यंत्रणा. सैनिकाचा हात नकळत किंचित कलला, की दांडी वळे. अशी यंत्रे घेऊन सैनिक नाक्यांवर उभे होते, त्याच काळात २५ ऑक्टोबर २००९ रोजी बगदादमध्ये दोन प्रचंड स्फोट झाले आणि दीडशेहून अधिक माणसे मरण पावली. यंत्र बनवणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. व्यापारी लबाड होता, पण सैनिक नव्हते. दांडी खरोखरच वळते, हे ते रोज डोळ्यांनी पाहत होते.

मित्रांनो, यातून शिकायचे ते इतकेच, की समोरचा माणूस प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे म्हणणे खरे ठरत नाही. माणूस स्वतःलाही फसवू शकतो, तुम्ही आणि मीसुद्धा. म्हणून कोणी एखादा चमत्कार सांगितला, तर हसू नका आणि घाबरूही नका. फॅरडेप्रमाणे दोन प्रश्न विचारा. आधी काय हलले? आणि ज्याच्या हातून हे घडते, त्याला उत्तर ठाऊक नसेल, तरीही ते घडते का? या दोन प्रश्नांना पुरून उरेल, ते खरे गूढ. आपल्या जगात अशीही गूढे पुष्कळ आहेत आणि ती तुमची वाट पाहत आहेत.