पुस्तकांतून कोरिया: इतिहास लिहिणारे आणि पुसणारे

इथं बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरात कोरिया माझ्या आधीच पोचलेला आहे. मुलांच्या मोबाइलमध्ये गाणी आहेत, रात्री उशिरापर्यंत मालिका चालतात, आणि फ्रिजमध्ये कधीतरी किमचीची बरणीही दिसते. त्याला माझी काही हरकत नाही. पण मालिकेतला राजवाडा बघून एक गोष्ट कळत नाही, ती पुस्तकांतून कळते. या देशानं आपला इतिहास जितक्या काटेकोरपणे लिहिला, तितक्याच जोरानं तो वेळोवेळी पुसलाही. आणि जे पुसलं गेलं ते कुणीतरी आठवणींत नाहीतर कथा-कादंबरीत लिहून ठेवलं. आज मी तीन-चारच पुस्तकं घेणार आहे. सगळी इंग्रजी अनुवादात मिळतात.

आधी लिहिण्याची परंपरा बघू. जोसन घराण्यानं १३९२ ते १९१० असं राज्य केलं. दरबारात राजा बोलतोय आणि इतिहासकार टिपून घेतोय, असा नियमच होता. राजा वारला की त्या टिपणांवरून त्याच्या कारकिर्दीचा ग्रंथ तयार व्हायचा. मग कच्ची टिपणं ओढ्याच्या पाण्यात धुवायची, शाई निघून जायची आणि कागद पुन्हा कामाला यायचा. राजाला हे ग्रंथ वाचायची मुभा नव्हती. सेजोंग हा कोरियाचा सगळ्यात लाडका राजा, १४४३ मध्ये कोरियन लिपी तयार करणारा. त्यानं वडिलांच्या कारकिर्दीचा ग्रंथ बघायला मागितला. मंत्री नाही म्हणाले, आणि त्यानं ते मान्य केलं!

हे वडील म्हणजे थेजोंग. १४०४ मध्ये शिकारीत ते घोड्यावरून पडले. उठल्यावर इकडंतिकडं बघून त्यांनी काय सांगितलं? तर ही गोष्ट इतिहासकाराला कळू देऊ नका. आता हे आपल्याला सहाशे वर्षांनी कसं ठाऊक? कारण इतिहासकारानं तेसुद्धा लिहून ठेवलं. धन्याच्या सांगण्यावरून लिहिलेल्या बखरी वाचायची सवय असलेल्या आपल्याला याचं जरा नवल वाटतं. पुढं १५९२ मध्ये जपानी स्वारी झाली, तेव्हा या ग्रंथांच्या चार प्रतींपैकी तीन नष्ट झाल्या. जोंजू गावची प्रत तिथल्या दोन विद्वानांनी डोंगरात नेऊन लपवली, म्हणून वाचली.

म्हणजे सगळंच लिहिलं गेलं का? नाही. इथं पहिलं पुस्तक येतं: राजस्नुषा ह्येग्योंग यांच्या आठवणी. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांचं लग्न युवराज सादोशी झालं. सादोचं मन बिघडत गेलं. त्याला कपडे चढवायचीच भीती वाटायची. एक पोशाख अंगावर घ्यायला अनेक पोशाख आणावे लागत, त्यातले कितीतरी जाळले जात. नंतर त्याच्या हातून माणसं मारली जायला लागली. १७६२ च्या उन्हाळ्यात वडिलांनी, म्हणजे राजा योंगजोनं, त्याला तांदळाच्या लाकडी पेटीत शिरायला लावलं आणि वर झाकण ठोकलं. आठ दिवसांनी तो मेला.

पेटीच का? गुन्हेगार म्हणून मारलं असतं, तर त्या काळच्या कायद्यानं त्याच्या बायकोला आणि मुलालाही शिक्षा झाली असती. मग राज्याला वारस कुठला? तो मुलगा, जोंगजो, १७७६ मध्ये गादीवर आला. त्याच वर्षी, गादीवर बसण्याआधी, त्यानं आजोबांना विनंती केली की दरबारी रोजनिशीतली वडिलांविषयीची पानं नाहीशी करावीत. आजोबांनी ती मानली. ती पानं पाण्यात धुतली गेली. कागद वाचवण्याची जी रीत होती, तीच इथं बाप झाकायला वापरली गेली.

आईनं मात्र लिहिलं. १७९५ ते १८०५ या काळात चार वेळा लिहिलं, आणि तेही विद्वानांच्या चिनी भाषेत नव्हे, तर कोरियन लिपीत. ही बाई तटस्थ आहे असं मी म्हणणार नाही. तिच्या माहेरच्यांवर आरोप होते, १८०१ मध्ये भावाला मृत्युदंड झाला होता, आणि माहेरची बाजू मांडणं हा तिचा उघड हेतू आहे. ते ध्यानात ठेवून वाचा. पण नवऱ्याचा आजार आणि सासऱ्याचा तुटकपणा एकमेकांना कसा वाढवत गेला, ते इतकं बारकाईनं दुसरीकडं कुठं मिळत नाही.

आता दीडशे वर्षं उडी मारू. १९१० ते १९४५ जपानची सत्ता, मग फाळणी, १९५० ते १९५३ युद्ध. युद्ध थांबलं तेव्हा हजारो युद्धकैदी आपल्या देशात परत जायला तयार नव्हते. त्यांचं काय करायचं हे ठरवणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि बावीस हजारांवर कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते आपले मराठी मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. शंभराहून कमी कैद्यांनी उत्तरही नको, दक्षिणही नको, असं सांगितलं. त्यांना जहाजानं भारतात आणलं गेलं.

चे इनहून यांची ‘द स्क्वेअर’ ही कादंबरी अशाच एका कैद्याची आहे. बाप उत्तरेत कम्युनिस्ट, म्हणून दक्षिणेत पोलीस पोराला मारहाण करतात. पोरगा उत्तरेत जातो, तिथं घोषणा सोडून काही नाही. दक्षिणेत माणसाला खोली आहे पण चौक नाही, उत्तरेत चौक आहे पण खोली नाही. अखेर तो तिसरा देश मागतो. ज्या भारतीय जहाजावर तो चढतो, त्याचं नाव लेखकानं ‘टागोर’ ठेवलंय. पुढं काय होतं ते मी सांगत नाही. कादंबरी १९६० मध्ये आली, एप्रिलच्या उठावानं सिंगमन री यांचं सरकार पडल्यावर काही महिन्यांनी. पुढच्याच वर्षी मे महिन्यात लष्करानं सत्ता घेतली. बोलायला फट मिळाली ती एवढीच, आणि हे पुस्तक त्या फटीतून बाहेर आलं.

फट नसताना लिहिलं तर काय होतं, ते ह्यून की-योंग यांना विचारा. जेजू बेटावर ३ एप्रिल १९४८ ला उठाव झाला. तो मोडताना पंचवीस ते तीस हजार माणसं मेली असा अंदाज आहे, म्हणजे बेटावरचा साधारण दर दहावा माणूस. त्यानंतर कित्येक दशकं त्याबद्दल बोलणंही गुन्हा होता. ह्यून यांची ‘सुनी सामचोन’ ही कथा १९७८ मध्ये छापून आली. लेखकाला अटक झाली, छळ झाला, पुस्तकावर बंदी आली.

‘सामचोन’ म्हणजे काका. पण जेजूमध्ये गावातल्या कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला, बाईलासुद्धा, सामचोनच म्हणतात. आपण शेजारच्या बाईंना मावशी म्हणतो ना, तसंच. सुनी ही अशीच गावाची मावशी. निवेदक आजोबांच्या श्राद्धासाठी गावी येतो, आणि त्या रात्री घरोघरी श्राद्ध असतं. एकाच तिथीला अख्ख्या गावात श्राद्ध का, हे समजलं की कथा समजली. सुनी त्या दिवशी गोळीबारात प्रेतांखाली बेशुद्ध पडली म्हणून वाचली होती, तिची मुलं गेली होती. नंतर तीस वर्षं ती तेच शेत कसत राहिली. खुरपलं की हाडं आणि काडतुसांची टरफलं वर यायची.

२००० मध्ये चौकशीसाठी कायदा झाला, २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांनी बेटाची माफी मागितली. कथेनंतर पंचवीस वर्षांनी.

हान कांग यांचं नाव २०२४ च्या नोबेलमुळं तुम्ही ऐकलंच असेल. ‘द व्हेजिटेरियन’ सगळे वाचतात, जरूर वाचा. मी मात्र ‘ह्यूमन अ‍ॅक्ट्स’ आधी हातात घ्या म्हणेन. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्करानं लोकांवर गोळ्या घातल्या, त्याची ती कादंबरी. लेखिकेचा जन्म त्याच शहरातला. घटनेच्या जेमतेम चार महिने आधी त्यांचं कुटुंब सोल शहरात राहायला गेलं होतं. जेजूवर त्यांनी ‘वी डू नॉट पार्ट’ लिहिली, ती ‘सुनी सामचोन’ वाचल्यावर जास्त उमगते.

म्हणून सुरुवात ‘सुनी सामचोन’पासून करा, ती एका बैठकीत होते. मग हान कांग, मग ‘द स्क्वेअर’. ह्येग्योंगबाईंचं पुस्तक जाडजूड आहे, नावं लक्षात ठेवायला वही लागेल; ते सुट्टीसाठी ठेवा. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत हात वर दिसतोय, बोला.