व्हिसाच्या रांगेत आमची मुलगी

रविवार, दि. २१ सप्टेंबर २०२५. वर्षावासाचे दिवस. मुंबईच्या पूर्व उपनगरातील आमच्या विहारात नेहमीप्रमाणे त्रिशरण-पंचशील झाले, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे त्या दिवशीचे वाचन झाले आणि उपासिकांनी चहाची किटली फिरवली. घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते. नेमक्या त्याच वेळी तिकडे वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्र उलटून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा नवा हुकूम लागू झाला होता. एच-१बी व्हिसासाठी नवा अर्ज करून परदेशी माणूस कामावर बोलवायचा असेल, तर मालकाने एक लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ८८ लाख रुपये भरावेत, असा तो हुकूम.

वाचकहो, आमच्या विहारात चहानंतरची बैठक ही जुनी रीत आहे. मंडल असो, नामांतर असो, खैरलांजी असो, पेपरातली बातमी इथे सतरंजीवर बसून सोलून काढली जाते. काहींना हे आवडत नाही. विहारात धम्माशिवाय दुसरे बोलू नये, असे त्यांचे म्हणणे. आमचे मत वेगळे आहे. ज्या धम्माने दुःखाचे कारण शोधायला शिकवले, त्याच्या विहारात समाजाच्या दुःखाची कारणे बोलायची नाहीत तर कुठे बोलायची?

त्या दिवशी बैठकीत अमेरिकाच होती. कुणी मोबाईलवर वाचून दाखवले की, मोठमोठ्या कंपन्यांनी सुट्टीवर गेलेल्या नोकरांना ‘मुदतीआधी परत या’ म्हणून निरोप धाडले. गोदीतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, “ज्यांची पोरं तिकडं हायेत त्यांनी रडावं. आपल्याला काय त्याचं?” चारदोन जण हसले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, “काका, माझी पोरगी जायचीय. खोलीचे कागद बँकेत देऊन ठेवलेत.” हसणे थांबले.

ताई महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहेत, त्यांचे यजमान बेस्टमध्ये कंडक्टर. मुलगी संगणक अभियंता झाली, ऐरोलीला एका कंपनीत दोन वर्षे नोकरी करते आहे. पुढच्या वर्षी अमेरिकेत एम.एस. करायचे तिच्या मनात होते. खर्च पंचेचाळीस लाख. एवढे मोठे कर्ज बहुधा तारणाशिवाय मिळत नाही, आणि तारण म्हणजे सासऱ्यांनी गिरणीच्या पगारातून घेतलेली एकुलती एक खोली. आम्ही म्हटले, “ताई, सही करायची थांबा. पुरती माहिती काढतो, मग ठरवा.” हा लेख त्या शब्दापोटी आहे. ताईंच्या घरासारखी घरे आपल्या समाजात आता पुष्कळ आहेत.

प्रथम हुकुमाचे. पहिल्या दिवशी अमेरिकेच्या मंत्र्यांनीच ही रक्कम दर वर्षी भरायची असे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी खुलासा आला की ती एकदाच भरायची, तीही नव्या अर्जापुरती. ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना ती नाही. हुकुमाची मुदत एक वर्षाची, म्हणजे २१ सप्टेंबर २०२६ पर्यंतची होती. पुढे २० ऑक्टोबरला आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. जो विद्यार्थी तिथेच शिकला आणि तिथूनच विद्यार्थी व्हिसा बदलून एच-१बी घेतो, त्याच्या मालकाला ही रक्कम लागू नाही. म्हणजे दरवाजा बंद झाला, ही आमच्या बैठकीतली पहिली समजूत ताईंच्या मुलीपुरती चुकीची होती.

पण दरवाजा उघडा आहे असेही नाही. हा व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिकलेल्यांसाठी आणखी २० हजार, एवढीच त्याची संख्या. अर्ज त्याहून कितीतरी जास्त येतात, म्हणून चिठ्ठ्या टाकून निवड होत असे. मंजूर होणाऱ्यांत सत्तर टक्क्यांच्या वर भारतीयच असतात. डिसेंबर २०२५ मध्ये नियम बदलला आणि फेब्रुवारी २०२६ च्या अखेरीस लागू झाला. आता ज्याचा पगार वरच्या श्रेणीचा त्याच्या नावाच्या चार चिठ्ठ्या, खालच्या श्रेणीच्या नावाची एकच. नुकताच शिकून बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी साहजिकच खालच्या श्रेणीत. शिक्षण संपल्यावर संगणकासारख्या विषयाच्या विद्यार्थ्यांना तिथे एकूण तीन वर्षे काम करण्याची मुभा मिळत आली आहे. तेवढ्यात चिठ्ठी लागली तर ठीक, नाही तर परत. आणि बँकेचा हप्ता मात्र चिठ्ठी पाहत नाही. आमच्या विहारात बँकेतून निवृत्त झालेले एक उपासक आहेत. त्यांनी वंदनेच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: अकरा टक्के व्याज, दहा वर्षे मुदत, महिन्याला साठ हजारांच्या वर. ताई आणि त्यांचे यजमान, दोघांच्या हातात येणारे पैसे एकत्र केले तरी हप्ता भरून घर चालणार नव्हते.

दुसरी शंका त्याच मुलीच्या धाकट्या भावाने काढली. “आता प्रोग्राम यंत्रच लिहितं. दीदी दोन वर्षं शिकून येईल तोवर काम उरेल का?” पोरसवदा प्रश्न म्हणून सोडून देण्यासारखा नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसे, म्हणजे आपल्या नोकरवर्गाचे दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. कंपनीने यंत्राचे कारण दिले नाही, तरी कॅन्टीनमध्ये बोलणे यंत्राचेच होते, असे आमच्या वस्तीतली मुले सांगतात. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. आपली मुले तिथे शिरली ती खालच्या पायरीवरून, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता नावाचे हे यंत्र खाते ती आधी खालची पायरी. सांगितलेले लिहून देण्याचे काम यंत्र करील. काय लिहावे, लिहिलेले बरोबर का चूक, हे ओळखणाराला अजून मागणी आहे. म्हणून वरचे शिक्षण घ्यावे की नाही, याचे आमचे उत्तर ‘घ्यावे’ असेच आहे. प्रश्न फक्त कुणाच्या पैशाने, एवढाच.

या यंत्राबद्दल आणखी एक. ते माणसांनी लिहून ठेवलेल्या मजकुरावरून शिकते, आणि माणसांनी काय काय लिहून ठेवले आहे हे आपल्याला कुणी सांगायला नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकाने चॅटजीपीटीमागच्या यंत्रणेला गाळलेल्या जागा भरायला दिल्या. हुशार माणूस कोण? ब्राह्मण. गटार साफ करणारा कोण? दलित. अशी उत्तरे पुन्हा पुन्हा आली. उद्या नोकरीचे अर्ज चाळायला हेच यंत्र बसले तर आडनाव वाचून ते काय करील? ते घडवणाऱ्यांच्या टेबलाशी आपली माणसे बसली पाहिजेत, म्हणूनही ताईंची मुलगी शिकावी असे आम्हाला वाटते.

मुलीला आम्ही भेटलो तेव्हा तिने वेगळेच विचारले. “काका, इथं ऑफिसमध्ये पहिल्या आठवड्यात आडनाव विचारतात, मग गाव, मग ‘कुठले?’ तिकडं तरी हे नसेल ना?”

खोटे कसे सांगावे? २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्याने सिस्को या कंपनीवर आणि तिच्या दोन भारतीय वरिष्ठांवर, एका दलित अभियंत्याला जातीवरून वागवल्याचा खटला भरला. कंपनीने आरोप नाकारला. २०२३ मध्ये त्या दोन वरिष्ठांवरील खटला खात्याने मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. निकाल काय लागायचा तो लागो. जात समुद्र ओलांडते ही गोष्ट मात्र अमेरिकी सरकारच्या कागदावर आली. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्येच भेदभावाच्या यादीत जात घातली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने तसा कायदा केला. अमेरिकेतले ते पहिले शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही त्याच वर्षी विधेयक संमत केले, पण तिथल्या राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये ते परत पाठवले. आहेत ते कायदे पुरेसे आहेत, असे त्यांचे म्हणणे. हे वाक्य आपण इथेही बरेच ऐकले आहे!

गंमत अशी की, याच देशात १९२३ साली भगतसिंग थिंद हे अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले शीख गृहस्थ नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांच्या बाजूने मांडलेला एक युक्तिवाद असा, की ते उच्च जातीचे आर्य आहेत, सबब त्यांना गोरे धरावे. न्यायाधीशांनी एकमताने नाही म्हटले. दारावरच्या पहारेकऱ्याला आपली उच्चनीचता कळत नाही; तो सगळ्यांना एकाच रांगेत उभे करतो. १९४६ साली भारतीयांना वर्षाला शंभर जागा दिल्या, तेव्हा त्याही सगळ्यांना मिळून शंभर. १९६५ च्या कायद्याने दार मोठे उघडले, पण त्यातून आत गेले ते तोवर डॉक्टर-इंजिनिअर झालेले. आपली पहिली पिढी तेव्हा औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात पदवीची पुस्तके चाळत होती. आता कुठे आपली मुले दारापर्यंत पोचतात, तर कडी हलते आहे. गोदीवाल्या काकांना आमचे उत्तर हेच, की हा प्रश्न आपलाही आहे, फक्त आपल्यापर्यंत उशिरा आला.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या एका छोट्या लेखनाला ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, म्हणजे व्हिसाची वाट पाहताना, असे नाव दिले. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेले हे पान-दोन पानांचे प्रसंग कोलंबिया विद्यापीठात आज शिकवले जातात. त्यात अमेरिकेच्या व्हिसाचा प्रसंग नाही! अमेरिका आणि युरोपात पाच वर्षे राहिल्यावर आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, आणि १९१७ साली बडोद्याच्या स्टेशनात उतरताच ती जागी झाली, असे ते सांगतात. पारशी धर्मशाळेत अकरा दिवस, मग काठ्या घेऊन आलेला जमाव, मग बागेत बसून रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट. उच्चशिक्षण घेऊन आलेल्या माणसाला आपल्याच देशात राहायला परवानगी नव्हती.

आणि ते गेले होते कसे? बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, परतल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरीचा करार. घर गहाण टाकून नव्हे. आम्ही ताईंना हेच दाखवले. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी आहे, वर्षाला ७५ जागा. शिकवणी, निर्वाह, विमानाचे जाणे-येणे तिच्यात बसते. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या १२५ जागा, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींच्या, तीस टक्के मुलींसाठी राखीव, उत्पन्नाची अट आठ लाखांची. इथे तक्रारही लिहिली पाहिजे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी ४० जणांनाच पत्रे दिली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास, असे कळवले. परदेशी विद्यापीठाची फी भरायची तारीख निधीसाठी थांबत नाही. त्यामुळे नुसते अर्ज भरून भागणार नाही, पैसे वेळेवर सुटावेत म्हणून मंत्रालयाच्या पायऱ्याही झिजवाव्या लागतील, आणि ते काम एकट्या ताईंचे नव्हे.

अमेरिकाच पाहिजे असे नाही, हेही मुलीने स्वतःच शोधून काढले. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. मात्र वर्षाच्या राहण्याखर्चापोटी जवळजवळ बारा हजार युरो आधीच खात्यात ठेवून दाखवावे लागतात, आणि भाषा यावी लागते. बाबासाहेबही बॉनला गेले होते, हे तिला ठाऊक होते. आम्हाला जरा बरे वाटले.

तेव्हापासून दर रविवारी वंदनेनंतर विहारात अर्ज भरण्याचे टेबल लागते. जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रके. दाखल्यावर धर्म ‘हिंदू’ का ‘बौद्ध’ यावर एका घरात अर्धा तास वाद झाला, तेव्हा बँकवाल्या उपासकांनी १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्याचे समजावून दिले. गोदीवाले काका झेरॉक्स काढून आणतात. ताईंच्या मुलीने जर्मन भाषेचा वर्ग लावला आहे, आणि दोन्ही शिष्यवृत्त्यांची फाईल तयार आहे. खोलीचे कागद ताईंनी बँकेतून परत आणले. ते आता कपाटात, सासऱ्यांच्या गिरणीच्या ओळखपत्राखाली आहेत.