पापनाशमची माणसे काय शिकलेली आहेत?

अकरावीच्या कॅडेटला सुट्टीत घरी गेल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो म्हणजे, "विषय कोणते घेतलेस?" माझे बाबा हवाई दलात आहेत आणि सध्या त्यांची नेमणूक तंजावरच्या तळावर आहे. तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना साधारण २५ किलोमीटरवर पापनाशम लागते. कावेरीच्या कुडमुरुट्टी या फाट्याकाठचे हे तालुक्याचे गाव. चारी बाजूंना भातशेती. सुट्टीत मी तोच प्रश्न या भागाला लावून पाहिला. इथे काम करणाऱ्या माणसांचे विषय कोणते?

सुरुवातीला तीन गोष्टी वेगळ्या करू. दहावी, पदविका, पदवी ही शिक्षणाची पातळी. ते शिक्षण ज्या विषयात झाले ती विद्याशाखा. आणि पोटासाठी जे करतो तो व्यवसाय. २०११ च्या जनगणनेत प्रत्येकाची सर्वोच्च शैक्षणिक पातळी विचारली होती. पण नुसते 'पदवीधर' लिहिल्याने तो माणूस पूल बांधेल की ताप उतरवेल, हे कळत नाही. विद्याशाखा मोजण्यासाठी युनेस्कोने २०१३ मध्ये जगभर चालेल अशी एक यादी केली. तिच्यात प्रत्येक विषयाला आपल्या कॅडेट नंबरासारखा क्रमांक असतो. पीक व पशुधन ०८११, इमारत व स्थापत्य अभियांत्रिकी ०७३२, अन्नप्रक्रिया ०७२१, हस्तकला ०२१४. हे चार क्रमांक घेऊनच आपण पापनाशमला जाऊ.

पहिला अर्थातच ०८११. मेट्टूर धरण १९३४ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी खोऱ्यासाठी १२ जूनला सोडण्याची प्रथा आहे, मात्र धरणात पाणी कमी असेल तर ती तारीख हुकते. पाणी आले की कुरुवै हे कमी दिवसांचे भात लावायचे, त्यानंतर सांबा. कोणते वाण किती दिवसांत तयार होते, हे शेतकऱ्याला तोंडपाठ असते आणि तो वाण चक्क नंबराने मागतो. ए.डी.टी. ४३ म्हणजे सुमारे ११० दिवस. यातील 'ए.डी.टी.' म्हणजे आडुतुरै. कुंभकोणमच्या पुढे असलेल्या या गावात १९२२ पासून भात संशोधन केंद्र आहे. तेथील कृषी पदवीधर आणि कधी कॉलेजची पायरी न चढलेला शेतकरी, दोघांची भाषा एकच आहे आणि ती नंबरांची आहे!

पण खरी कसोटी पुढे लागते. कुरुवैची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते आणि ऑक्टोबरमध्येच ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. सरकारी खरेदी केंद्रावर भातातील ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. केंद्रावरचा कर्मचारी मूठभर दाणे छोट्या यंत्रात घालतो आणि आकडा वाचतो. तो आकडा १७ च्या वर गेला की चार महिन्यांची मेहनत दारातच अडते. मग रस्त्याच्या कडेला भात पसरून उन्हाची वाट पाहायची. फार पाऊस झालेल्या वर्षी राज्य सरकार केंद्राकडे ही मर्यादा शिथिल करण्याची मागणी करते. मला आधी हा नियम जाचक वाटला. पण ओले भात पोत्यात तापते, त्याला बुरशी लागते, कधी कोंबही फुटतात आणि गिरणीत त्याचा चुरा होतो. म्हणजे या जागी ०८११ संपते आणि ०७२१ सुरू होते. ओल्या भाताचे काय करायचे, या प्रश्नावर काम करता करताच तंजावरची अन्नप्रक्रिया संस्था वाढली. आज तेथे या विषयाची पदवी मिळते. भात भिजवून, वाफवून, मग वाळवून उकडा तांदूळ करणे ही इथल्या गिरण्यांची जुनीच रीत आहे. वाफेने दाण्यातील स्टार्च घट्ट बसते आणि कांडताना दाणा कमी तुटतो. गिरणीतला कामगार हे शास्त्रीय शब्दांत सांगणार नाही, पण वाफ कधी बंद करायची हे त्याला वासावरून कळते.

आता ०७३२. हा भाग आपल्यासारख्या सैनिकी शाळेतल्यांनी जरूर वाचावा. कावेरीचे पाणी खालच्या पातळीवरून वाहणाऱ्या कोळ्ळिडम फाट्यात निसटू नये, म्हणून करिकाल चोळाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्लणै हा बंधारा बांधला, असे मानतात. नदीचा तळ निव्वळ वाळूचा, खडकाचा पत्ता नाही. मग पाया घ्यायचा कशावर? मोठे दगड वाळूत टाकायचे आणि खचू द्यायचे. ते स्थिरावले की त्यांच्यावर आणखी दगड मातीत बसवत जायचे. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन हा मद्रास इंजिनियर्सचा अधिकारी या खोऱ्यात आला. तो इंग्लंडमधील कंपनीच्या लष्करी विद्यालयात शिकलेला होता. त्याने कल्लणै बारकाईने पाहिला, १८३६ मध्ये त्याच्या वरच्या अंगाला मुक्कोंबू येथे नवा बंधारा बांधला आणि पुढे गोदावरीवर धवळेश्वरमला १८४७ ते १८५२ या काळात काम केले. वाळूवर पाया घालणे आपण जुन्या देशी बांधणाऱ्यांकडून शिकलो, हे त्याने स्वतः मान्य केले आहे.

आपल्या मराठी माणसांची विद्याशाखा यादीत शोधायची तर 'लेखा' पाहावी लागेल. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर आले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी तेथे राहिली. तमिळ मुलखातील कारभाराचे कागद मोडीत लिहिले जात. मोडीचे वळण, जमाखर्च आणि वसुली एवढी विद्या असली की कचेरीत नोकरी मिळे. त्यातले बरेच कागद आजही आहेत, पण ते भराभर वाचणारी माणसे थोडी उरली आहेत. एखादी विद्याशाखा अशीही ओस पडते.

उरला ०२१४. पापनाशमहून कुंभकोणमकडे जाताना स्वामिमलै लागते. तेथील स्थपती मेणाची मूर्ती करून तिच्यावर कावेरीची गाळाची माती लिंपतात, तापवून मेण वाहून जाऊ देतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. चेहरा किती, धड किती, ही मापे ठरवायला नारळाच्या पातीची पट्टी घेऊन तिला घड्या घालतात. फूटपट्टी लागतच नाही. हाच विषय ममल्लपुरमच्या सरकारी महाविद्यालयात पदवीसाठी शिकवतात. तिथून पास झालेल्याची विद्याशाखा कागदावर येते. वडिलांच्या हाताखाली शिकलेल्याची फक्त शाळेची इयत्ता नोंदली जाते.

पापनाशम तालुक्यातील मेलट्टूरला तर यादीची आणखीच पंचाईत होते. तेथे दर वर्षी नरसिंह जयंतीच्या सुमारास भागवत मेळा होतो. तमिळ गावात रात्रभर तेलुगू नाटके चालतात आणि स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करतात. त्यातले कितीतरी जण एरवी शहरात कचेरीत नोकरी करतात. वर्षभर हिशेब तपासणारा हात त्या रात्री प्रल्हादाच्या आईचा पदर सावरत असतो, आणि अर्जावर त्याच्या नावापुढे लिहिलेले असते, "विद्याशाखा: वाणिज्य."