घण मंदावतो तेव्हां

न्यूझीलंडच्या डोंगराळ मुलखांत माणसांपेक्षां मेंढ्या किती तरी अधिक आहेत, आणि जेथें मेंढ्या तेथें कुंपण आलेंच. एकेका शेताचें कुंपण टेकड्यांच्या चढउतारावरून कोसच्या कोस गेलेलें असतें. त्यास लागणारे खांब बहुधा पाइन लांकडाचे, सुमारें १.८ मीटर लांबीचे आणि कीड व कूज यांपासून बचाव व्हावा म्हणून औषध मुरविलेले असे असतात. पूर्वीं हे खांब खड्डा खणून पुरीत. हल्लीं ते ट्रॅक्टरच्या पाठीवर बसविलेल्या यंत्रानें ठोकतात. उभ्या मार्गावर सरकणारा एक जड घण, तो उचलणारें तेलाच्या दाबाचें नळकांडें आणि घण वर नेण्याची व सोडण्याची एक दांडी, इतकाच या यंत्राचा पसारा. तेलाच्या दाबाची ही युक्ति शहरांतील श्रोत्यांसही अगदींच परकी नाहीं; वाळू किंवा खडी वाहणारी मोटार आपली पेटी उचलून रिती करते ती याच युक्तीनें.

हा घण रोजच्याहून दुप्पट वेळ घेऊं लागला, कीं शेतकऱ्याचा दिवस बिघडतो. एका खांबास पंधरा घाव लागतात असें धरलें आणि प्रत्येक उचलीस साडेचार सेकंद अधिक गेले, तर शंभर खांबांमागें जवळजवळ दोन तास फुकट जातात. अशा वेळीं बहुतेकांचा हात प्रथम दाब वाढविण्याच्या स्क्रूकडे वळतो. चूक होते ती तेथेंच.

कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हें फ्रेंच पंडित पास्कल यानें सतराव्या शतकांत दाखवून दिलें. १७९५ सालीं इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें त्या तत्त्वावरील दाबयंत्राचें पेटंट मिळविलें. ट्रॅक्टरच्या मागें अवजार जोडून तें तेलाच्या जोरावर उचलण्याची पद्धत रूढ केली ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यानें; १९३९ सालीं फोर्डच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरमुळें ती जगभर पसरली. या सर्व यंत्रांत एक भेद ध्यानांत ठेवावा लागतो. दाबावरून किती वजन उचलेल हें ठरतें. तें किती वेगानें उचललें जाईल हें मात्र दर मिनिटास किती तेल वाहतें यावर ठरतें. चाळींतला नळ बंद असतां त्यांतला दाब भरपूर असूं शकतो, पण तोटी उघडतांच बारीक धार पडते आणि बादली भरतां भरत नाहीं. नळी गंजून आंतून अरुंद झाली असल्यास असेंच व्हावयाचें.

हिशेब करून पाहावा. घण २०० किलोग्रॅमचा, त्याची उचल ३ मीटर आणि मध्यें कप्पी अशी, कीं दट्ट्या दीड मीटर सरकला म्हणजे घण तीन मीटर चढतो. दट्ट्याचें क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर असेल तर एका उचलीस ३ लिटर तेल लागेल. पंप मिनिटास ४० लिटर देत असल्यास ही उचल साडेचार सेकंदांत होते. २० च लिटर मिळाले तर नऊ सेकंद लागतात. कप्पीमुळें दट्ट्यावर भार पडतो ४०० किलोग्रॅम, म्हणजे घर्षण सोडल्यास दर चौरस सेंटिमीटरास २० किलोग्रॅमच दाब पुरतो. ट्रॅक्टरची यंत्रणा तर दीडशेहून अधिक सहज देते. मग दाबाचा स्क्रू पिळून लाभ काय? घण चढत असेल तर दाब पुरेसा आहे, हें उघडच आहे. तो वृथा वाढविल्यानें नळ्या फुटण्याचें भय तेवढें वाढतें.

तेव्हां शोध करावयाचा तो हरवलेल्या तेलप्रवाहाचा. चांगला वैद्य नाडी पाहण्यापूर्वीं चार प्रश्न विचारतो, तसेंच येथेंही करावें. इंजिन किती वेगानें फिरत आहे? पंप इंजिनावरच चालतो. आवाज नको म्हणून इंजिन मंद ठेवलें तर तेलही कमीच येणार. हें कारण इतकें साधें आहे, कीं शहाण्या माणसांस तें शेवटीं सुचतें. दुसरा प्रश्न असा, कीं मंदपणा सकाळीं गारठ्यांत असतो कीं दुपारीं यंत्र तापल्यावर? थंडींत खोबरेल थिजतें, तसें हें तेलही दाट होतें व पंपास ओढवत नाहीं. उलट, सकाळीं ठीक चालणारा घण तापल्यावर मंदावत असेल, तर पातळ झालेलें तेल पंपाच्या झिजलेल्या फटींतून मागल्या मागें निसटत आहे असा संशय घ्यावा. तिसरा प्रश्न: ट्रॅक्टरचीं इतर अवजारें उचलणारे हातही मंदावले आहेत काय? ते मंदावले असतील तर दोष बहुधा ट्रॅक्टरच्या पोटांत. तेच पूर्वींसारखे चालत असतील तर नळ्या, सांधे व ठोकयंत्र यांकडे वळावें.

ट्रॅक्टरच्या बाजूस प्रथम तेलाची पातळी पाहावी, मग शोषणमार्गावरील गाळणी. गाळणी चोंदली, किंवा शोषणनळीच्या सैल सांध्यांतून हवा शिरली, म्हणजे तेलांत फेंस येतो, पंप घरघरतो आणि घण अडखळत चढतो. तेल दुधासारखें गढूळ दिसूं लागलें व तें तसेंच राहिलें, तर त्यांत पाणी गेलें असें समजावें. ठोकयंत्राच्या बाजूस फसविणारी जागा म्हणजे झटपट जोडावयाचा सांधा. तो वरून बसलेला दिसतो, पण आंतली झडप अर्धीच उघडते. नळी दुसऱ्या जोडीस लावून पाहिल्यास पांच मिनिटांत निकाल लागतो. वाकून मुडपलेली, किंवा बाहेरून धड दिसूनही आंतलें अस्तर सुटलेली रबरी नळीही हाच घोटाळा करते.

परंतु या यंत्राची खरी मौज घण चढण्यांत नसून पडण्यांत आहे. ३ मीटर मोकळें पडण्यास सुमारें ०.८ सेकंद लागतो. तेवढ्यांत नळकांड्यांतील ३ लिटर तेल बाहेर पडलें पाहिजे. म्हणजे मिनिटास सव्वादोनशे लिटरांचा वेग, पंपाच्या पांचसहापट! परतीची वाट अरुंद असेल तर तेल तुंबतें आणि घण पडण्याऐवजीं उतरूं लागतो. पडण्यास दुप्पट वेळ लागला, तर आघाताची शक्ति जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येते. मग पंधरांच्या जागीं पन्नास घाव घालून शेतकरी पंपास दोष देत बसतो. म्हणून परतीची नळी रुंद असावी आणि ती शक्य तेथें ट्रॅक्टरच्या झडपांतून न नेतां सरळ टाकींत सोडावी. एखादी अरुंद नळी हाताशीं होती म्हणून दुरुस्तींत जोडली, एवढ्यानेंही चांगलें यंत्र निकामी ठरतें.

इतकें पाहूनही उलगडा झाला नाहीं, तर प्रवाहमापक जोडावा. भार नसतां ४० लिटर आणि भार चढवितांच २५, असा फरक दिसला म्हणजे पंप झिजला; मग तो बदलावयाचा. हें काम माहितगार कारागिराचें.

कोणताही सांधा सोडण्यापूर्वीं घण जमिनीवर टेकवावा, इंजिन बंद करावें आणि दांड्या मागेंपुढें करून अडकलेला दाब सोडावा. उचललेल्या घणाखालीं हात किंवा डोकें कोणत्याही कारणानें जातां कामा नये. आणि नळी कोठें गळते हें बोटानें चांचपून कधींही पाहूं नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावें. टांचणीच्या अग्राएवढ्या भोकांतून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आंत शिरते. वर दिसतो तो एक बारीक ठिपका, रक्त नाहीं, प्रथम फारसें दुखतही नाहीं. माणूस हात पुसून पुन्हा कामास लागतो. इकडे तेल आंतल्या आंत पसरतें, आणि कांहीं तासांनीं बोट सुजून काळें पडूं लागतें. अशा रोग्यास तो ठिपका दिसतांच शस्त्रवैद्याकडे न्यावें लागतें व जखम तेलाच्या दाबानें झाली आहे हें त्यांस स्पष्ट सांगावें लागतें, कारण पहिल्या कांहीं तासांत शस्त्रक्रिया झाली तरच बोट वाचण्याची आशा असते.